उसनं धावणं

मुलं झोपवणं ही काय नोकरी झाली, असं कुणी म्हटलं की थोपटमावशी बाह्या सरसावून म्हणायची, "या की एक दिवस. चोवीस पोरं आणि हात दोनच. संध्याकाळी तुम्हालाच थोपटायला माणूस लागेल."

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथंच राहिलं. बालशाळेतली तीन ते पाच वर्षांची पोरं, त्यांचे आईबाप, समोरचा दूधवाला, एवढंच काय, शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईसुद्धा तिला थोपटमावशीच म्हणत. बावीस वर्षं ती तिथं होती. सकाळी बूट काढायचे, नाकं पुसायची, अंगणात पडलेल्याला उचलून "काही नाही झालं, मुंगी मेली" म्हणायचं, ही सगळी वरकड कामं. खरं काम दुपारी एकला. लांबट खोली, बारा-बारा गाद्यांच्या दोन रांगा, निळे पडदे ओढलेले आणि मधोमध मांडी घातलेली मावशी. उजवा हात एकाच्या पाठीवर, डावा दुसरीच्या, आणि पायाच्या अंगठ्यानं तिसऱ्याची गादी हळूहळू हलवायची. वीस मिनिटांत खोली चिडीचूप.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, आणि ती तिला पाठ. कुणाला पाठीवर थाप लागे, कुणाला कपाळावर नुसता तळवा. एक पठ्ठ्या होता, मावशीच्या कानाची पाळी धरल्याशिवाय डोळा मिटायचा नाही. वर्षभर मावशी त्याच्यापुढे अशी वाकून बसली की पोर शाळेतून गेलं, पण मान काही सरळ झाली नाही, असं ती स्वतःच हसत सांगायची. आणि ते आगीच्या बादल्या तपासायला आलेले साहेब! वाळूच्या बादल्या मोजल्या, कागद भरायला म्हणून पोरांच्या बुटक्या खुर्चीवर टेकले, कानावर मावशीची थाप-थाप पडली आणि झालं. साहेब उठले ते साडेतीनला, पोरांबरोबर. मोठ्या बाईंनी त्यांच्याही हातात दुधाचा पेला दिला. साहेबांनी मुकाट्यानं पिऊन टाकला आणि शेरा लिहिला, व्यवस्था उत्तम.

मावशीचा नवरा शिंपी. तो लवकर गेला. मूलबाळ झालं नव्हतं. त्यावर कुणी हळहळायला लागलं की तीच म्हणायची, "मला दरवर्षी चोवीस होतात. ती पण शी-शू कळणारी. कुणाला जमलंय?" समोरच्याला हसावंच लागे. तेवढ्यासाठीच ती म्हणत असे.

त्या वर्षीच्या चोवीसांत एक गोगलगाय होती.

चार वर्षांची पोर. गाल गुबगुबीत, पोट पुढं, चाल अशी की दारापासून गादीपर्यंत यायला तिला मध्ये एक मुक्काम लागायचा. बाकीची पोरं अंगणात उच्छाद मांडायची तेव्हा ही भिंतीला टेकून बसायची आणि कोण पडलं, कोण रडलं याची खबर मावशीला द्यायची. गोड बोलायची. आणि झोप? सोनं हो, सोनं. साडेबाराला तोंडात घास असतानाच डोळे पेंगुळायचे, आणि चारला उठवताना मावशीला गालावर पाण्याचा हात फिरवावा लागायचा. तिला कधी थोपटावं लागलं नाही. मावशी इतरांना म्हणायची, "शिका हिच्याकडून काहीतरी!" झोपणारं पोर म्हणजे गुणी पोर, हे बावीस वर्षांत मावशीच्या हाडीमासी भिनलं होतं.

हिवाळ्याच्या तोंडाला शाळेत मापवाल्या ताई आल्या. तरुण, चष्मेवाल्या, कुठल्याशा मोठ्या संस्थेतल्या. लहान मुलं दिवसभरात हालतात किती, झोपतात किती आणि त्यांच्या अंगावर हाड किती, मांस किती, चरबी किती, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. बरोबर वजनाचा काटा, उंचीची पट्टी आणि एक चिमटा. चिमट्यात दंडाची कातडी धरून चरबी मोजायची. पोरांनी चिमटा बघून असा काही टाहो फोडला, की आधी मावशीला स्वतःचा दंड पुढं करावा लागला. "बघा, मावशीच्या अंगात नुसतं लोणी निघालं," असं ती म्हणाली तेव्हा कुठं रांग लागली.

पण खरी गंमत पट्ट्यांची. प्रत्येकाच्या कमरेला एक लवचिक पट्टा, त्यावर काड्यापेटीएवढी डबी. पोर हाललं की डबी आत आपली नोंद ठेवणार. सात दिवस पट्टा बांधायचा, आंघोळीला तेवढा काढायचा. रात्रीची झोप आईबापांनी लिहायची, दुपारची मावशीनं.

"आणि ज्यांची हालचाल फारच कमी निघेल, किंवा झोप फारच जास्त," ताई आयांच्या घोळक्याला म्हणाल्या, "त्यांना आम्ही मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवू."

हे वाक्य मावशीनं ऐकलं. गोगलगायीच्या आईनंही ऐकलं. दोघींनाही ते शाळेतून नाव काढण्याच्या धमकीसारखं लागलं.

आई एका धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीला होती. दिवसभर चादरींचे डोंगर उपसायची, मनगटावर चटक्यांचे डाग. संध्याकाळी पोरीला न्यायला आली तेव्हा फाटकापाशीच थांबली.

"मावशी, हिचा आकडा सगळ्यात खाली येणार ना?"

"आकडा काय चुलीत घालायचाय?"

"तुम्हाला हसू येतं. माझी नणंद उठता-बसता म्हणते, कामावर जाता यावं म्हणून पोरीला खाऊ घालून लोळवत ठेवतेस, पिंप केलंस तिचं. आता ते छापील होऊन घरात येईल. आणि दवाखान्यात काय विचारणार? काय घालतेस, किती निजवतेस, तू आई आहेस की कोण. मी काय सांगू तिथं?"

पोर मधेच म्हणाली, "आई, पिंप म्हणजे?"

"काही नाही. चल."

मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू जा निवांत. मी आहे ना." काय करणार हे तिनं सांगितलं नाही आणि आईनं विचारलंही नाही.

युक्ती तिला सुचली ती दुसऱ्या दिवशी. झालं असं, की जुळ्या बहिणींपैकी एकीनं आपला पट्टा घरी शेजारच्या कुत्र्याला बांधला. ताईंनी सकाळी डबी यंत्राला लावून बघितली तर पोरगी रात्रभर धावली होती, मध्येच थांबून कंबर खाजवल्यासारखी हालली होती आणि पुन्हा धावली होती. ताई पोट धरधरून हसल्या. मावशीही हसली, पण हसता हसता तिच्या डोक्यात आलं, म्हणजे पट्ट्याला कळत नाही तर! कोण धावतंय ते त्याला कळतच नाही.

वर्गात एक भिंगरी होती. काडीसारखी पोर, सकाळी फाटकातून आत आली की संध्याकाळपर्यंत तिचे दोन्ही पाय एकदम जमिनीला लागलेले कुणी पाहिले नव्हते. मावशीनं त्या दिवसापासून अंगणात जायच्या वेळी गोगलगायीचा पट्टा काढायचा आणि भिंगरीच्या कमरेला तिच्या पट्ट्याखाली बांधायचा, वरून स्वेटर ओढायचा. "तुला दोन इंजिनं," असं तिला सांगितलं की ती दुप्पट सुटायची. मावशीला यात गैर काही वाटलं नाही. शेजारणीकडं साखर जास्त असली तर वाटीभर आणतोच की आपण. हिच्याकडं धावणं उतू चाललंय, तिच्याकडं नाही, द्यायचं थोडं इकडचं तिकडं. झोपेच्या कागदावरही साडेबारा ते चारच्या जागी तिनं दीड ते अडीच लिहिलं. अक्षर मात्र मोत्यासारखं.

आठव्या दिवशी ताई चकित. "मावशी, ही मुलगी बसलेलीच दिसते मला, पण पळते किती!"

"तुमच्यासमोर लाजते ती," मावशी म्हणाली. एवढ्या सफाईनं खोटं आपण कधी बोललो होतो, हे तिलाच आठवेना.

महिन्यानं घरोघर कागद गेले. गोगलगायीच्या कागदावर होतं, हालचाल भरपूर, झोप योग्य, वजन जास्त, तपासणीची गरज नाही, खाण्याकडे लक्ष द्यावे.

आई फाटकातून धावत आली आणि मावशीच्या गळ्यातच पडली. "पळते म्हणे माझी पोर! छापलंय बघा. नणंदेच्या नाकासमोर धरला कागद. मग मी लोळवते म्हणून का बोललात, म्हटलं. गप्प बसली हो, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसली!" तिच्या तोंडावर असं हसू मावशीनं कधी पाहिलं नव्हतं. मावशी मनात म्हणाली, देवा, केलं ते बरंच केलं.

मग आईनं हिशेब जुळवला, जो कुणीही जुळवला असता. पोर पळते, झोप बेताची, तरी वजन जास्त. मग दोष राहिला कशात? खाण्यातच. तिनं दूध निम्म्यावर आणलं, भात दोन घासांवर आणला, रात्रीचं ताट तर अर्ध्यातूनच उचलायला लागली. पोर रडली तर स्वतः न जेवता तिच्याजवळ बसून राहायची.

शाळेत दुधाच्या वेळी गोगलगाय म्हणाली, "मला अर्धाच पेला. आई म्हणते मी पळते खूप, पण खाते जास्त." थोडा विचार करून तिनं विचारलं, "मावशी, मी कधी पळते?"

मावशीनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. "झोपेत पळतेस, राणी."

"खरंच? भिंगरीपेक्षा जोरात?"

"तिच्यापेक्षा जोरात."

पोर इतकी खूश झाली, की ज्याला त्याला सांगत सुटली. म्हणजे बसल्या बसल्याच सांगत सुटली, कारण आता ती भिंतीपर्यंतही नीट जात नव्हती. दंड काड्या झाले होते आणि पोट तसंच. काट्यावर वजन उतरायचं नाव नाही, उलट चढलेलंच. आईनं रात्रीचं ताट आणखी कमी केलं. मावशी ते ऐकून गप्प राहिली. म्हणायचं तरी काय, आणि कोणत्या तोंडानं?

कागद येऊन सदतिसावा दिवस होता. सकाळी पोरांना अंगणात न्यायचं म्हणून मावशी बूट घालत होती, आणि गोगलगायीचा पाय बुटात जाईना. मागच्या आठवड्यात जात होता. मावशीनं मोजा काढला, घोट्याच्या वर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला. भरून आलाच नाही.

हा खळगा तिच्या ओळखीचा होता. नवऱ्याच्या शेवटच्या वर्षी त्याच्या पायांवर असेच खळगे पडायचे. शिवणयंत्राच्या पायपट्टीवर पाय ठेवायचा आणि म्हणायचा, जोडा लहान झाला की काय गं. डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, हृदय थकलंय, पाणी मागं साठतंय. पोर गुबगुबीत नव्हती, सुजलेली होती.

मावशीनं तिला मोठ्या बाईंच्या मांडीवर नेऊन ठेवलं. "हिला हलवू नका," एवढंच म्हणाली आणि अनवाणी फाटकाबाहेर पडली. चार रस्ते ओलांडून मापवाल्या ताईंच्या संस्थेत पोचली, तिथं दारातच उभ्या उभ्या सगळं ओकली. पट्टा, भिंगरी, दीड ते अडीच, सगळं.

ताई ओरडल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मावशी, चिमट्यात तिची चरबी आलीच नव्हती. वजन आहे आणि चरबी नाही, मी बघितलं होतं ते. पण पट्टा बघितला आणि म्हटलं, पळणारं पोर, मांस असेल." मग त्यांनी फोन उचलला आणि पोरीला शाळेतून थेट मोठ्या दवाखान्यात हलवायला सांगितलं.

धुलाईच्या कारखान्यात ताईंच्या गाडीतून मावशीच गेली. वाफेत उभी असलेली आई इस्त्री खाली ठेवेपर्यंत तिला काही सांगता येईना. दवाखान्याच्या वाटेवर सांगितलं. आई खिडकीतून बाहेर बघत राहिली. वाटलं ऐकलंच नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी पोरीला तपासून तिला वर नेलं, हृदयाच्या स्नायूचा आजार आहे म्हणाले, औषधं सुरू करतो म्हणाले. मावशीनं त्यांना गाठलं. "दोन महिन्यांपूर्वी आली असती तर?"

डॉक्टर भले होते. "पूर्ण बरी झाली असती असं नाही सांगता येत. पण तिच्या अंगात ताकद राहिली असती. औषधांना वेळ मिळाला असता."

मागं आई उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, "छत्तीस दिवस, मावशी. छत्तीस दिवस मी तिच्या ताटातलं काढत होते. ती म्हणायची अजून एक घास, आणि मी म्हणायचे, नाही." मग म्हणाली, "तुम्ही माझ्या समोर येऊ नका."

मावशी समोर गेली नाही. शाळा सुटली की दवाखान्याच्या तळमजल्यावर जिन्याशेजारच्या बाकावर जाऊन बसायची. झाडूवालीला विचारायची, वरची छोटी कशी आहे? झाडूवाली सांगायची, आज बसली होती. आज दोन घास खाल्ले. आज डोळे उघडले नाहीत. एकोणीस दिवस असे गेले. विसाव्या दिवशी झाडूवाली खाली आली ती झाडू भिंतीला टेकवून मावशीच्या शेजारी बसली, आणि मावशीला विचारावं लागलं नाही.

मोठ्या बाईंनी मावशीला कामावरून काढलं नाही. मावशीच म्हणत होती, काढा. बाई म्हणाल्या, "कुठं जाशील?" पण झोपेच्या खोलीतून तिला हलवलं. तिथं एक नवी मुलगी आली, आणि मावशीकडं मागच्या बाजूचं पेले-ताटल्या घासायचं काम आलं. दुपारी एकला आतून पोरांची कुरकुर ऐकू यायची. तासभर चालायची. मावशी नळ मोठा सोडायची.

सव्वा महिन्यानं एका दुपारी मागच्या पायरीवर सावली पडली. वर बघते तर आई. मनगटावर नवा चटका होता. मावशीनं हातातला पेला खाली ठेवला. तिला वाटलं, आता मारणार. मारू दे, बरं होईल.

आई पायरीवर बसली.

"ती इथं किती झोपायची? खरं सांगा."

"साडेबारा ते चार."

"घरी पण बाराबारा तास. मी कागदावर दहा लिहायचे." आई नळाकडं बघत म्हणाली. "मी पण कमीच लिहायचे, मावशी."

मावशीनं नळ बंद केला. आई म्हणाली, "मी तिची एक दुपार पाहिली नाही हो. दोन वर्षं इथं होती. रोज सहाला न्यायला यायचे, तोवर दिवस संपलेला. कशी झोपायची, सांगा."

मावशीनं ओले हात पुसले. सांगायला लागली, तोंडातला घास कसा राहायचा आणि ती बोटानं कसा काढून घ्यायची. डाव्या कुशीवर. मूठ गालाखाली. कधी झोपेत हसायची. एकदा झोपेतून उठून म्हणाली, मावशी, तू म्हातारी झालीस का गं, आणि उत्तर न ऐकताच परत झोपली. आईच्या तोंडावर काहीतरी हललं. "अजून सांगा," ती म्हणाली.

साडेतीनला आत पोरं उठली, गलका झाला. आई उठली. "उद्या येऊ?"

"ये."

ती अकरा दुपारी आली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून चालत यायची, पायरीवर बसायची. क्षमा वगैरे शब्द दोघींपैकी कुणी काढला नाही. एकदा मावशीनं पाया पडायला हात पुढं केला, तेव्हा आईनं पाय मागं घेतले, आणि तरीही दुसऱ्या दिवशी आलीच. मावशी आठवून आठवून सांगायची. कोण पडलं, कोण रडलं याच्या पोरीनं दिलेल्या खबरी. भिंगरीशी झालेली भांडणं. आठवेनासं झालं की पुन्हा तेच सांगायची, आणि आई नवीन असल्यासारखं ऐकायची.

अकराव्या दिवशी मावशी म्हणाली, "आता माझ्याकडचं संपलं गं. होतं तेवढं सगळं दिलं."

आईनं मान हलवली. उठली आणि गेली.

बाराव्या दिवशी ती आली नाही. मावशी साडेतीनपर्यंत पायरीकडं बघत होती. मग आतून नव्या मुलीनं पेले मागितले, तेव्हा तिनं ते मोजून दिले. तेवीस होते.